तुरुंगाच्या दारातून व्हीलचेअर आत जाते का?

रेवाकाठ (धागाकर्ती)

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी तुरुंगांची आकडेवारी काढतो. कुठल्या राज्यात किती कैदी, त्यांचं वय, शिक्षण, धर्म, जातगट, कच्चे (खटला चालू असलेले) किती, पक्के (शिक्षा झालेले) किती, आत मेले किती आणि कशाने, सगळं त्यात मिळतं. मनोरुग्ण कैद्यांचा रकानाही आहे. पण अंध किती, कर्णबधिर किती, कुबड्यांवर किती, व्हीलचेअरवर किती, हे विचाराल तर त्याचा रकानाच नाही. २०२२ अखेर देशात ५ लाख ७३ हजारांवर कैदी होते आणि जागा होती ४ लाख ३६ हजारांची. एवढ्या गर्दीत दिव्यांग माणूस कुठल्या कोपऱ्यात आहे हे सरकारदरबारी कागदावर तरी दिसत नाही.

मी विदर्भात विधी सेवा प्राधिकरणासाठी काम करते. आमचं जाणं बहुतेक मुलाखतीच्या खोलीपर्यंतच. पण दिसायचं ते फाटकातच दिसतं. मोठा दरवाजा क्वचित उघडतो, रोजची ये-जा त्यातल्या दिंडी दरवाज्यातून. खाली वीतभर उंबरा, वर कपाळमोक्ष होईल अशी चौकट. पोलिओने दोन्ही पाय गेलेला एक कच्चा कैदी तारखेहून परत येताना पाहिला. त्याने आधी एक कुबडी आतल्या शिपायाकडे दिली, मग दुसरी. मग उंबऱ्यावरच बसला, एकेक पाय हाताने उचलून पलीकडे ठेवला आणि चौकट धरून उठला. मागची रांग खोळंबली म्हणून कुणीतरी खेकसलं. गिनती, जेवणाची रांग, संडास, आंघोळीचा हौद, कोर्टाची व्हॅन, हे सगळं धडधाकट माणूस धरून आखलेलं आहे. ज्याचं शरीर त्यात बसत नाही त्याला रोज नव्याने शिक्षा.

नागपूरकरांना जी. एन. साईबाबांचं प्रकरण आठवत असेल. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक, माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप. लहानपणी पोलिओ, ९० टक्के अपंगत्व, व्हीलचेअरशिवाय हालचाल नाही. मे २०१४ मध्ये अटक, मधे आजारपणामुळे दोनदा जामीन, मार्च २०१७ मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. तेव्हापासून नागपूर मध्यवर्ती कारागृहाच्या अंडा सेलमध्ये, म्हणजे कडेकोट बंदोबस्ताच्या कोठडीत. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये त्या कोठडीचं वर्णन केलं होतं: ८ बाय १० फूट, खिडकी नाही, एक बाजू नुसते लोखंडी गज. नागपूरचा मे महिना ज्याने काढलाय त्याला गजांची भिंत म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. व्हीलचेअर संडासात जात नव्हती, दोन सहकैद्यांनी उचलून न्यावं लागायचं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ५ मार्च २०२४ ला त्यांना निर्दोष सोडलं. १२ ऑक्टोबर २०२४ ला हैदराबादच्या रुग्णालयात ते गेले.

खटल्याची बाजू कुणाची बरोबर यावर धागा नेऊ नका ही विनंती, त्यावर इथे आधीच पुष्कळ धागे निघालेत. मला विचारायचंय ते एवढंच: न्यायालय कोठडीत पाठवतं ते स्वातंत्र्य काढून घेण्यासाठी. संडासाला जाणंही त्यात येतं का? कुणी आत काम केलंय, कुणाचं माणूस आत होतं, त्यांनी जरूर लिहा.

टग्या_पुणेरी

नाव वाचलं आणि धागा कुठल्या गावाला निघालाय ते कळलं. तरी विनंतीला मान देऊन त्यावर बोलत नाही.

पण मूळ प्रश्न. आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडला रॅम्प नाही. ग्रामीण रुग्णालयात पेशंट फरशीवर. माझी मावशी गुडघ्यांमुळे बँकेच्या पायऱ्या चढू शकत नाही, ती पेन्शनसाठी पोराला पाठवते. या लोकांनी कुणाचा खून केलेला नाही. त्यांना आधी द्या, मग कैद्यांच्या कमोडचं बघू. शिवाय बडी धेंडं अटक झाली की लगेच 'छातीत कळ' येऊन रुग्णालयात महिनोन् महिने मुक्काम ठोकतात, ते आपण वर्षानुवर्षं बघतोय. सवलत ठेवली की पहिला हात तेच मारणार.

फिजिओ_मंजिरी

टग्यादादा, तुमच्या मावशीला पोरगा आहे. बराकीत पोरगा नसतो, हा फरक आहे.

मी मज्जारज्जूला इजा झालेल्या पेशंटबरोबर काम करते. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. त्याला आपण होऊन कळत नाही की माकडहाडावर दाब पडतोय. सुरुवातीला तांबूस डाग दिसतो, बोटाने दाबला तर पांढरा पडत नाही. तेवढ्यात पकडला तर बरा होतो. फरशीवर सतरंजी टाकून झोपवलं आणि आठवडाभर कुणी पाहिलं नाही तर कातडी फाटते, आत खड्डा होतो, हाडापर्यंत जातो. मग तो भरायला महिने लागतात, कधी शस्त्रक्रिया. लघवीचंही तसंच. अनेकांना दर चार-सहा तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामं करावं लागतं. त्याला स्वच्छ हात, साबण, पाणी आणि आडोसा लागतो. पन्नास जणांच्या बराकीत रात्रीला एक संडास असतो, तिथे हे कसं करायचं? मग माणसं पाणी पिणं कमी करतात, संध्याकाळचं जेवण टाळतात, म्हणजे जायलाच नको. याचा शेवट मूत्रमार्गाच्या संसर्गात आणि मूत्रपिंडावर होतो. यात चैन कुठे आहे?

पोलिओवाल्यांचं अजून एक. त्यांची सगळी भिस्त हातांवर आणि खांद्यांवर. ओढाताण झाली, जमिनीवरून सरकत राहावं लागलं, की तेही जातात. अटकेच्या वेळच्या ओढाताणीत डाव्या हाताला इजा झाली आणि नीट उपचार झाले नाहीत, असं साईबाबांनी सुटल्यावर सांगितलं होतं. आम्हाला त्यात नवल वाटलं नाही.

आणि स्टॅन स्वामींचा सिपर आठवतो का? भीमा कोरेगाव-एल्गार प्रकरणात अटक झालेले जेझुइट पाद्री, ८३ वर्षांचे, पार्किन्सन्स. हात इतका थरथरतो की पेला तोंडाला लागेपर्यंत निम्मा सांडतो. स्ट्रॉ आणि झाकणाचा पेला मिळावा म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये अर्ज केला. तपास यंत्रणेने उत्तराला वीस दिवस मागितले आणि मग सांगितलं की आम्ही सिपर जप्तच केला नव्हता. लोकांनी तळोजा कारागृहाच्या पत्त्यावर सिपर पार्सल केले. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयापुढे ते व्हिडिओवरून म्हणाले की आठ महिन्यांपूर्वी मी माझा मी खात होतो, आंघोळ करत होतो, चालत होतो, लिहीत होतो, आता एकेक करत सगळं जातंय. ५ जुलैला गेले. खटला उभाही राहिला नव्हता.

पिंगळा

+१ मंजिरीताई. वाचतोय.

सुभेदार_निवृत्त

नमस्कार. मी कारागृह खात्यात शिपाई म्हणून लागलो, सुभेदार म्हणून बाहेर पडलो. ठिकाणं सांगत नाही. दोन्ही बाजूंनी थोडं खरं आहे म्हणून लिहितो.

आत आल्यावर पहिली झडती. पायात कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा) असला की तो लोखंडी, म्हणून काढून ठेवायचा. कुबडी म्हणजे हाणायला दांडका, ती पण बाजूला. कानाच्या मशीनचे सेल बारीक असतात, ते आत न्यायला परवानगी नाही. मग कैद्याने अर्ज करायचा, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी शिफारस लिहायची, अधीक्षक साहेबांची सही व्हायची. मधे रविवार आला, साहेब रजेवर गेले, की तितके दिवस माणूस बसून सरकत राहतो. कुणी मुद्दाम छळतं असं नाही. कागद पुढे सरकत नाही.

सकाळी बराक उघडली की गिनती. जोडीजोडीने उकिडवं बसवायचं, म्हणजे मोजणी पटकन होते. ज्याचा गुडघा वाकत नाही तो उभा राहिला की ओळ मोडते, आकडा चुकतो, पुन्हा पहिल्यापासून. नवा शिपाई असेल तर चिडतो. जुना असेल तर अशाला भिंतीकडेला उभा करून शेवटी एक मिळवतो. नियमात हे कुठेच नाही, ज्याच्या त्याच्या डोक्यावर आहे.

मदतीचं म्हणाल तर आम्ही बराकीतला एखादा बरा पोरगा हेरायचो आणि त्याच्या शेजारी अपंगाची पट्टी (अंथरूण) लावून द्यायचो. तो उचलायचा, धुवायचा, भत्ता (जेवण) आणून द्यायचा. काही पोरं मनापासून करायची, सख्ख्या भावाने केलं नसतं इतकं. काही जण मोबदला घ्यायचे, बिडीकाडी, कॅन्टीनचं सामान. घरून मनीऑर्डर येत असेल त्याचं निभायचं, नसेल त्याचे हाल. आणि तो बरा पोरगा जामिनावर सुटला की पुन्हा शोधाशोध.

टग्या साहेब म्हणतात ते ढोंग आम्ही फार पाहिलं. त्यामुळेच घोळ होतो. दहा जणांनी नाटक केलं की अकराव्याला खरोखर फिट आली तरी शिपाई म्हणतो, उठ रे, नाटकं करू नको. मोठ्या माणसाच्या नाटकाला डॉक्टर असतो, वकील असतो. अकराव्याला कुणी नसतं.

डॉक्टरांनी बाहेरच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली तरी सोबत न्यायला पोलिसांची पार्टी (तुकडी) लागते. पार्टी बंदोबस्तात अडकली की तारीख गेली. गणपती, निवडणूक, मोर्चे, काही ना काही असतंच.

वकील_लातूरकर

सुभेदारसाहेब, असं आतून लिहिणारं कुणी सहसा भेटत नाही. आभार.

टग्यांच्या 'आधी बाहेरच्यांना द्या' याला कायद्याचं उत्तर आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यात आधी बाहेरचे, मग आतले असा क्रम नाही. सार्वजनिक इमारती सुलभ करण्यासाठी नियम झाल्यापासून पाच वर्षं दिली होती, ती जून २०२२ लाच संपली. एसटी स्टँडने मुदत चुकवली म्हणून कारागृहालाही चुकवू द्या, हे काही बरोबर नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट आहे की स्वातंत्र्य काढून घेतलेल्या दिव्यांग व्यक्तीला तिच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्यायच्या. तुरुंगाचा कारभार मात्र अनेक ठिकाणी अजून १८९४ च्या कायद्याच्या साच्यात चालतो, ज्यात असा कैदी कुणी कल्पिलाच नव्हता.

आता ताजं. तामिळनाडूतले एक वकील, एल. मुरुगानंदम, स्नायू झिजत जाणारा बेकर मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा आजार. जमिनीच्या वादातून अटक होऊन कारागृहात गेले. तिथे सोयी नव्हत्या, आहार नव्हता, अशी तक्रार घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. १५ जुलै २०२५ ला न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांनी निकाल दिला. रोज अमुकच प्रथिनयुक्त पदार्थ मिळाला नाही म्हणून मूलभूत हक्काचा भंग झाला, हे काही मान्य झालं नाही आणि भरपाईही वाढली नाही. पण निर्देश दिले ते महत्त्वाचे: दाखल करतानाच दिव्यांगत्व नोंदवायचं, नियम समजतील अशा स्वरूपात सांगायचे, रॅम्प आणि वापरता येणारे संडास, फिजिओथेरपीला जागा, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, सहा महिन्यांत राज्यभर सुलभता तपासणी. न्यायालयाने आकडेवारीचाही मुद्दा काढला, जो धागाकर्तीने पहिल्याच परिच्छेदात मांडलाय. तो निकाल तामिळनाडूपुरता होता. डिसेंबर २०२५ मध्ये दुसऱ्या एका याचिकेत ते निर्देश सगळ्या राज्यांना लागू केले. म्हणजे आता येरवडा, आर्थर रोड, नागपूर सगळे त्यात आले.

टग्या_पुणेरी

म्हणजे अपंग असला की जामीन पक्का? एखाद्याने व्हीलचेअरवर बसून गोळी घातली तर?

वकील_लातूरकर

कुणी म्हटलं? जामिनाच्या कलमात 'आजारी किंवा विकल' व्यक्तीचा विचार करावा असं आहे, पण ते न्यायाधीशांच्या विवेकावर. यूएपीएसारख्या (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक) कायद्यात तर तेही अवघड होऊन बसतं. व्हीलचेअरवरून गोळी घालणारा आत जाईल. फक्त आत गेल्यावर त्याला संडासाला जाता आलं पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

तुम्ही पक्क्या खुन्याचं चित्र डोळ्यापुढे ठेवून बोलताय. २०२२ च्या आकड्यांत जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी होते. त्यांच्यावर काहीही सिद्ध झालेलं नाही. आणि ज्याला हमीदार मिळत नाही, वकील मिळत नाही, तोच जास्त दिवस आत राहतो. दिव्यांग गरीब माणूस त्यात पहिल्या नंबरला.

शांत_लाट

हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. माझा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. एका मारामारीच्या केसमध्ये काही महिने आत होता, पुढे सुटला. जिल्हा सांगत नाही.

पोलिसांनी जबाब लिहून घेतला तेव्हा त्याला काय विचारलं हे त्याला आजही नीट सांगता येत नाही. त्याला आपलं नाव लिहिता येतं, सही करता येते, म्हणजे वाचता येतं असं धरलं गेलं. आत गेल्यावर भोंग्यावरून नाव पुकारलं की त्याला कळायचं नाही. हजेरीला 'हजर' म्हणाला नाही म्हणून पाठीत रट्टा बसला. पहिल्या आठवड्यात तो सतत शेजारच्याच्या तोंडाकडे बघत असायचा, सगळे उठले की हा उठणार, सगळे बसले की हा बसणार. रात्री दिवा पूर्ण घालवत नाहीत हे त्याच्या पथ्यावर पडलं. अंधारात त्याला काहीच कळत नाही.

फोनची सोय आली म्हणून सगळे खूश होते. स्मार्ट कार्ड घ्या, घरी बोला. तो काय बोलणार? शेवटी ई-मुलाखतीवर व्हिडिओने भेट लागली. आम्ही खुणांनी बोलायला लागलो आणि बाजूला उभा असलेला कर्मचारी म्हणाला, हातवारे बंद, काय इशारे चाललेत? मी म्हटलं, साहेब, आमची हीच बोली आहे. ते म्हणाले, तोंडाने बोला, मला समजलं पाहिजे. त्यांचंही एका अर्थी खरं, कारण बोलणं ऐकायची त्यांना ड्युटी. पण मग काय करायचं? पंधरा मिनिटं आम्ही एकमेकांकडे नुसतं बघत बसलो. आईने त्याला कॅमेऱ्यासमोर पुरणपोळी दाखवली, होळी होती.

कोर्टात दुभाषी म्हणून मूकबधिर शाळेतले एक सर आले. चांगले होते, पण भावाला शाळेतल्या खुणा अर्ध्याच येतात, अर्ध्या आमच्या घरच्या आहेत. 'जामीन' या शब्दाला त्याच्याकडे खूणच नव्हती. मीच शेजारी उभी राहून सांगायचे, तर सरकारी वकिलांचा आक्षेप की ही नातेवाईक आहे. त्यांचंही बरोबर.

रेवाकाठ

शांत_लाट, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. दुभाष्याचा प्रश्न आमच्याकडेही येतो. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांचं प्रशिक्षण होतं, पण तालुका कोर्टात ऐन वेळी असा माणूस कुठून आणायचा? घरच्या खुणा असतील तर एक सांकेतिक भाषेचा दुभाषी आणि त्याच्या जोडीला एक कर्णबधिर व्यक्ती, अशी जोडी लागते. एक कर्णबधिरच दुसऱ्याच्या घरगुती खुणा पटकन पकडतो. प्राधिकरणाच्या यादीत अशी माणसं असावीत म्हणून आम्ही मागे लागलोय.

वकील_लातूरकर

एक भर. जुन्या दंड प्रक्रिया संहितेत कलम ३१८ होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही तशीच तरतूद आहे. आरोपी वेडा नाही पण त्याला कामकाज समजावता येत नाही, अशी स्थिती असेल तरी खटला चालवता येतो. दोषी ठरला तर कागद उच्च न्यायालयाकडे पाठवायचे. म्हणजे कायद्याने मानलंच की एखाद्यावर त्याला न कळता खटला चालू शकतो. दुभाष्याचा खर्च टाळण्यासाठी ही पळवाट वापरली जाऊ नये, हे वकिलानेच बघायला हवं. आणि दिव्यांग व्यक्ती असो की कोठडीतली व्यक्ती, दोघांनाही उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने. हे फार थोड्यांना माहीत आहे.

पिंगळा

सगळे शरीराच्या अपंगत्वावर बोलताय, मनाचं आणि बुद्धीचं राहिलं. आसाममधले माचल लालुंग. १९५१ मध्ये अटक, तिथून तेजपूरच्या मनोरुग्णालयात रवानगी. साठच्या दशकातच डॉक्टरांनी बरे असल्याचं कळवलं होतं, पण त्यांना सोडलं नाही आणि खटलाही चालला नाही. २००५ मध्ये सुटले, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. चोपन्न वर्षं! गावी परतले तेव्हा स्वतःची बोलीही विसरले होते म्हणतात.

आणि फाशीच्या कैद्यांचं. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या अभ्यासगटाने २०२१ मध्ये ८८ फाशीच्या कैद्यांच्या मुलाखतींवरून अहवाल काढला. त्यात ६२ टक्क्यांहून जास्त जणांना मानसिक आजार आणि सुमारे ११ टक्क्यांना बौद्धिक अक्षमता आढळली. बौद्धिक अक्षमता असलेला माणूस कोर्टात काय करतो? सगळ्याला 'हो' म्हणतो. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेनंतर झालेला गंभीर मानसिक आजार हे फाशी रद्द करायचं कारण मानलं आणि त्याच्यावर उपचार करायला राज्याला सांगितलं.

लीड्सकर

मी इथे इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या सोशल केअर खात्यात आहे, म्हणून थोडं. इथे २०१४ च्या केअर कायद्यानंतर, म्हणजे एप्रिल २०१५ पासून, तुरुंगातल्या माणसाची शुश्रूषा ही तुरुंगाची नाही, स्थानिक कौन्सिलची जबाबदारी झाली. आंघोळ, कपडे, उठबस यात मदत लागणारा कैदी असेल तर आमचा माणूस आत जाऊन गरज ठरवतो आणि मग मदतनीस लावतो. याशिवाय कैद्यांनाच 'बडी' म्हणून कामाला लावतात, त्याची मजुरी मिळते. व्हीलचेअर ढकलणं, जेवण आणून देणं, कोठडी आवरणं. पण अंघोळ घालणं, संडास धुणं ही खाजगी कामं बडीने करायची नाहीत, कारण त्यात एक दुसऱ्याच्या ताब्यात जातो.

इथेही सगळं सोन्याचं नाही. आमच्या गावचा आर्मली तुरुंग १८४७ चा. जुने जिने, अरुंद दारं. म्हातारे कैदी वाढत चाललेत आणि तळमजल्याच्या कोठड्या पुरत नाहीत. त्यामुळे कागदावर मदत मंजूर आणि माणूस तिसऱ्या मजल्यावर, असंही होतं.

सुभेदार_निवृत्त

पगारी मदतनीस ही गोष्ट आपल्याकडे उद्याही करता येईल. पक्क्या कैद्यांना सुतारकाम, विणकाम, बेकरीची मजुरी मिळतेच. त्यात हे एक काम घाला. हजेरी लागेल, माफीचे दिवस (शिक्षेत सूट) मिळतील, बिडीवर चालणारा व्यवहार बंद होईल. तो सुटला तर दुसरा नेमता येईल. खर्च फारसा नाही.

टग्या_पुणेरी

हे पटण्यासारखं आहे. फुकटात काही नको, काम आणि दाम. पण माझा मुद्दा राहतोच. दाखल करताना नोंद कोण करणार? कारागृहाचा डॉक्टर? त्याच्यावर दबाव आणणारे बसलेच आहेत. उद्या यादीत खरे दहा आणि 'वजनदार' वीस निघाले तर मी इथे येऊन विचारीन.

फिजिओ_मंजिरी

जरूर विचारा. पण एक बघा. वजनदार माणूस रुग्णालयात खाट मागतो, त्याला बराकीतला रॅम्प नको असतो. उंच कमोड, भिंतीला धरायला दांडा, फरशीऐवजी पलंग, याच्यासाठी कुणी ढोंग करत नाही. या गोष्टी सगळ्यांसाठी सरसकट करून टाकल्या तर प्रमाणपत्राचा प्रश्नही कमी होतो. आपल्या कारागृहांत साठीपुढचे कैदी काही कमी नाहीत, त्यांनाही त्याच लागतात.

रेवाकाठ

मी माहिती अधिकारात अर्ज टाकायचं ठरवलंय. मसुदा असा:

'सर्वोच्च न्यायालयाच्या दि. १५ जुलै २०२५ च्या निकालातील व त्यानंतर सर्व राज्यांना लागू झालेल्या निर्देशांनुसार (अ) आपल्या कारागृहात सध्या किती दिव्यांग बंदी आहेत, प्रकारनिहाय माहिती द्यावी. (आ) सुलभता तपासणी झाली असल्यास तिच्या अहवालाची प्रत द्यावी. (इ) रॅम्प व सुलभ शौचालयांची संख्या द्यावी. (ई) कॅलिपर, कुबड्या, श्रवणयंत्र काढून घेणे व परत देणे याबाबतच्या परिपत्रकांच्या प्रती द्याव्यात. (उ) सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांवर गेल्या तीन वर्षांत झालेला खर्च द्यावा.'

काही सुटलं असेल तर सांगा.

शांत_लाट

ई-मुलाखतीत खुणांनी बोलायला परवानगी आहे का आणि कुठल्या आदेशाने, हे घाला ना.

वकील_लातूरकर

घाला, पण वेगळ्या अर्जात. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यावर बोट ठेवून परत पाठवतात. तुमचे (अ) ते (इ) एका अर्जात, (ई) दुसऱ्यात, दुभाषी आणि मुलाखत तिसऱ्यात. 'किती आहेत' असं न विचारता 'नोंदवहीची प्रत द्या' असं विचारा, म्हणजे नोंदवहीच नाही हे लेखी द्यावं लागेल. प्रत्येकावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. एक अर्ज कारागृह मुख्यालयाला, पुण्याला, आणि एकेक प्रत्येक कारागृहाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला. नुसता मुख्यालयाला पाठवलात तर तो खाली हस्तांतरित होत फिरत राहील.

सुभेदार_निवृत्त

कॅलिपर, कुबडीची नोंद झडतीच्या वहीत असते, दवाखान्याच्या वहीत वेगळी. दोन्ही मागा.

पिंगळा

कळंब्याचा अर्ज मी टाकतो, कोल्हापुरातच आहे. अमरावती आणि यवतमाळ कोण घेतंय?

टग्या_पुणेरी

येरवड्याचा मी टाकतो. आणि त्यात रुग्णालयात मुक्कामी असलेल्यांचीही नोंदवही मागणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

रेवाकाठ

मागा की. अमरावती माझ्याकडे. यवतमाळला कुणी आहे का?